भरलेला कप

आमच्या ह्यांच्या जुन्या फ्रेंच सित्रोएन गाडीला स्प्रिंगा नाहीत, ती तेलावर आणि वायूवर तरंगते. घरी पाहुणा आला की हे त्याच्या हातात चहाचा काठोकाठ भरलेला कप द्यायचे आणि इथे जर्मनीत हॅनोव्हरच्या दगडी रस्त्यांवरून फिरवून आणायचे. "एकोणीसशे पंचावन्न सालची अक्कल आहे ही! सांडला का थेंब, सांगा!"

जानेवारीच्या शेवटी मला पाचवा महिना लागला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, झटके बसू देऊ नका. सकाळचं स्तोत्र आटोपून मी हळूच विचारलं, "अहो, तपासणीला आपल्या गाडीने न्याल?"

"अगं, बर्फामुळे रस्त्यांवर मीठ टाकलंय. पत्रा गंजेल तिचा. बस आहे ना कोपऱ्यावर!"

बसमध्ये मी उभीच होते. चालकाने कचकन ब्रेक दाबला.

एप्रिलमध्ये रस्ते धुऊन निघाल्यावर ह्यांनी गाडी बाहेर काढली, मला शेजारी बसवलं आणि भरलेला कप माझ्या हातात दिला. दगडी रस्ता संपल्यावर हसून म्हणाले, "बघ नंदिनी, एक तरी झटका बसला?"



"आता बसले तरी चालतात हो," मी म्हणाले. "फेब्रुवारीपासून पोटात कुणी नाही."