हप्ते वेळेवर

बँकेच्या मॅनेजरांनी तृप्तीचा शैक्षणिक कर्जाचा अर्ज तिच्या आईसमोर परत सरकवला.

"इतिहासात एम.ए. करून हिला पगार किती मिळणार, ताई? कर्ज फिटायचं नाही. तुमच्या निनादचं बघा. इंजिनिअरिंगला कर्ज घेतलं, पण हप्ता कधी एक दिवस उशिरा आला नाही."

आईने मान खाली घातली. तृप्तीने पिशवीतून बँकेच्याच पावत्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. प्रत्येक पावतीवर पैसे भरणाऱ्याची सही तिची होती.

"दादा दीड वर्ष घरीच आहे, सर. मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इतिहास शिकवते. त्याचे हप्ते त्यातूनच जातात."

मॅनेजर एकेक सही बघत राहिले.

तृप्तीने अर्ज पुन्हा त्यांच्यासमोर ठेवला. "आता माझं कर्ज मंजूर करा. हप्ते भरायची सवय आहे मला."