हुंगायचं नसतं

"हा गुलाब आता कुठल्याच नर्सरीत मिळत नाही, वहिनी," गुलाबप्रेमी मंडळाच्या बैठकीत दाबकेभाऊजी म्हणाले. "नलूताईंच्या झाडाचा डोळा भरून तुमचं कलम मीच केलं. त्यांचं झाड वाळलं, आता तुमचं एकच उरलंय. वास तर काय विचारता."

"वासच गेलाय हो. देवीला रोज एक सुवासिक फूल वाहायचं माझं व्रत. महिनाभर देवघरात दरवळ नाही."

मी नेलेलं फूल त्यांनी नाकाशी धरलं. "खरंच की. आधीच कुणी हुंगून संपवल्यासारखं." सगळे हसले. मला हसता येईना.

नलूताई माझ्या शेजारी राहायच्या. स्वतःचं झाड वाळल्यापासून रोज कुंपणावरून वाकून म्हणायच्या, "एकदाच हुंगू दे गं." मी म्हणायचे, "देवीचं फूल आहे, ताई. हुंगायचं नसतं." महिन्यापूर्वी त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन फुलं उमलली होती. पहिलं मी कुंपणावर ठेवलं. "हुंगा, ताई."

वारा नव्हता. तरी त्याच्या पाकळ्या आत ओढल्या गेल्या, मग सावकाश सैल झाल्या.

हातातलं दुसरं फूल दरवळू लागलं.