उन्हात की सावलीत

“ओले कपडे कुठे लवकर वाळतात? उन्हात की सावलीत?”

संघदीपनं विचारलं आणि सातवी ब नुसती फळ्याकडे बघत बसली. एरवी प्रश्न संपायच्या आत अर्धा वर्ग उभा राहायचा. आज एकही हात वर आला नाही. शेवटच्या बाकावर उज्ज्वलाबाई निरीक्षणाचा तक्ता मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“पायल, तू सांग.”

पायल उठली. वर्गातली सगळ्यात चुणचुणीत पोरगी. “सावलीत, सर.”

कुणी हसलंसुद्धा नाही. घाबरली असेल, असं म्हणून त्यानं श्रावणला उठवलं. श्रावणनंही सावलीतच वाळवले. खिडकीतून समोरची गच्ची दिसत होती आणि तिथं भर उन्हात कुणाची तरी धुणी वाळत होती. संघदीपनं घड्याळात पाहिलं.

हा त्याचा बी.एड.चा अंतिम पाठ होता. यवतमाळातल्या या शाळेत दरवर्षी शिकाऊ शिक्षकांची नवी तुकडी यायची, तीन महिने शिकवायची आणि जायची. पोरं कुणाचं नावही लक्षात ठेवत नसत. सगळे आपले ‘बीएडवाले’. संघदीपनं मात्र पहिल्याच आठवड्यात फळ्याचा एक कोपरा पोरांना देऊन टाकला होता. पाण्याला घरी काय म्हणता, ते लिहा म्हणाला. वर्षभर तोंड न उघडलेल्या सोनूनं तिथं कोलामीतलं ‘ईर’ लिहिलं. रुपालीनं त्याखाली गोंडीतलं ‘येर’ लिहिलं. मग कुणी गोरबोली, कुणी उर्दू. त्या दिवसापासून तो ‘संघदीप सर’ झाला.

उज्ज्वलाबाई शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षिका. त्यांचा हिशेब त्यांनी आधीच सांगून ठेवला होता. “तुमचे चार्ट किती रंगीत हायेत ते मी नाही पाहत. पोरायले आलं का, तेवढंच पाहते.”

तेव्हा संघदीप निर्धास्त होता. पोरांना येत होतं ना!

आणि आज यायलाच हवं होतं. पुसदच्या एका खासगी शाळेनं त्याला निवडलं होतं. सोमवारी रुजू व्हायचं, येताना शाळेतल्या या तीन महिन्यांची आंतरवासिता पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र आणायचं. बी.एड.ला येण्याआधी दोन वर्षं त्यानं मारेगावात मोबाइलची कव्हरं विकली होती. त्यानंतरची ही पहिली खरी नोकरी. शाळेत त्यानं कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. प्रमाणपत्र हातात पडलं की थेट पेढे घेऊनच वर्गात यायचं, असं ठरवून ठेवलं होतं.

कालच मधल्या सुट्टीत पोरांनी त्याला गराडा घातला होता.

“सर, उद्या बाई मांगं बसून काय लिहितीन?”

“माह्या चुका.”

“अन् लय चुका निंगाल्या तं? मारतेत काय तुमाले?”

“मारत नाही बाप्पा! पंधरा दिवसांनी पुन्हा पाठ घ्या लागते, तवरोक याच शाळेत राहा लागते. पण तुमी असल्यावर मले कायचं भेव?”

पोरं एकदम एकमेकांकडे बघायला लागली होती. जबाबदारीची जाणीव झाली बिचाऱ्यांना, असं त्याला वाटलं होतं. नाही म्हणायला एक गोष्ट मनाला लागली होती. शेजारच्या सातवी अ नं त्यांच्या बीएडवाल्या दीपमाला मॅडमसाठी निरोपाचं हातभर कार्ड केलं होतं. सातवी ब नं साधा कागदही रंगवला नव्हता.

“पाणी तापवलं की त्याचं काय होतं?” आता त्याचा आवाज चिरकला.

“बर्फ,” रुपाली म्हणाली.

“सोनू, पुसलेल्या फरशीवरचं पाणी कुठं जातं?”

सोनूनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलले. “कुठीच नाही जात, सर. तिथंच राह्यते.”

घंटा झाली तेव्हा संघदीपचा सदरा पाठीला चिकटला होता.

कार्यालयात उज्ज्वलाबाईंनी तक्ता टेबलावर ठेवला. “इतक्या वर्षांत असा वर्ग नाही पाह्यला मी. अडतीस पोरं, अन् चुकूनही एकाचं बरोबर आलं नाही.”

“बाई, त्यायले सगळं येते. काल मी...”

“कालचं नका सांगू. मी आज बसली होती.”

“सोमवारी पुसदले रुजू व्हायचं हाये, बाई. हातची नोकरी जाईन माही.”

बाईंनी तक्ता पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. “पोरायले काही आलं नाही, त्या पाठावर मी सही कशी करू? पंधरा दिवसांनी पुन्हा घ्या.”

दाराशी कुणाची तरी पावलं पळत गेली. संघदीपचं तिकडे लक्ष नव्हतं.

अंगणातल्या नळापाशी उभं राहून त्यानं पुसदला फोन लावला. संस्थेचे सचिव किसनराव शांतपणे म्हणाले, “मग राहू द्या. दुसरा उमेदवार तयार आहे आमच्याकडे.” आणि फोन बंद झाला.

त्याला पोरांचा संताप आला. तीन महिने जीव लावला आणि ऐन वेळी तोंडघशी पाडलं. मग पोरांवर कसला राग काढायचा म्हणून स्वतःचीच लाज वाटली. चार्ट वर्गातच राहिला होता, तो आणायला तो जड पायांनी जिना चढला.

वर्गाचं दार लोटलेलं होतं. आतून सोनूचा खणखणीत आवाज आला.

“पाण्याची वाफ होते, तिले बाष्पीभवन म्हणतेत! जिभेवर आलतं बे, कसंतरी दाबून ठेवलं.”

“तू तं हासलाच होता मधात,” पायल त्याला रागावत होती. “बाईले समजलं असतं तं? श्रावण, तू ऐकून आला नं? काय म्हणाल्या बाई?”

“पडला! सरचा पाठ पडला!”

अडतीस पोरांनी बाकं बडवली. त्या गोंगाटात पायलचा आवाज सगळ्यांच्या वर चढला.

“आता पंधरा दिवस सर कुठीच नाही जात!”