राज्य कोणावर

दूध तापत होतं तेवढ्यात पोलीस घराची झडती घ्यायला आले. त्यांच्यातली बाई माझ्या कानाशी म्हणाली, "लेकीला घेऊन आत बसा. काहीतरी खेळ सांगा तिला. माझीही एवढीच आहे."

मी चिमीला मांडीवर घेतलं. "हे सगळे आपल्याकडे लपाछपी खेळायला आलेत."

"एवढे मोठे?"

"मोठ्यांनाही खेळावंसं वाटतं गं कधीकधी."

बाहेर कपाटं उघडत होती, गाद्या उलटत होत्या आणि ही तोंडावर हात दाबून हसत होती. माळ्यावरून तिचे बाबा धुळीने माखून खाली उतरले, तशा तिने टाळ्या पिटल्या. "बाबा सापडले!"

त्या बाईने मान खाली घातली. बेड्या मात्र तिने जिन्यात गेल्यावरच घालायला लावल्या. चिमी रडली नाही. पोरीला झळ लागू दिली नाही, म्हणून मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

काल संध्याकाळी ती घरात कुठेच दिसेना. बाल्कनी झाली, जिना झाला, शेजारच्या काकूंचं घर झालं. शेवटी पलंगाखाली, बॅगेच्या मागे, अंग चोरून बसलेली दिसली.

"आई, तू नको ना शोधूस," ती चिडून कुजबुजली. "पहिले बाबा सापडले होते. राज्य त्यांच्यावर आहे."

"सरक जराशी," एवढंच म्हटलं आणि मीही तिच्याशेजारी लपले.