पोत्यांचा तांदूळ

वसतिगृहाच्या अंगणात बैलगाडीतून तांदळाची पोती उतरत होती. अलकनंदाबाई थबकल्या. हातातली पिशवी त्यांनी पदराआड घेतली.

खेड्यांतून बालाघाटला शिकायला आलेल्या गरीब मुली या वसतिगृहात राहत. त्यांच्यासाठी अलकनंदाबाई दर शनिवारी दारोदार फिरून ओंजळ-ओंजळ तांदूळ जमवत. पाऊस असो, पाय सुजलेले असोत. त्या दिसल्या की मुली "मावशी आल्या!" म्हणत धावायच्या. आज मुलींचा घोळका सुनीतीभोवती होता. सुनीती म्हणजे नव्या इंजिनियरची बायको. गावात येऊन तिला एक पावसाळाही झाला नव्हता. राइस मिलवाल्या दुलीचंदसेठकडे तिनं एकदा शब्द टाकला आणि गाडी आली. आता दर महिन्याला येणार होती.

स्वयंपाकीण शेवंताबाईला पिशवी दिसलीच. "बाई, कायले पाय तोडता आता? हे पुरून उरते."

तिनं मायेनंच म्हटलं होतं. अलकनंदाबाईंना झोंबलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जी ती सुनीतीचंच कौतुक करू लागली, तेव्हा अलकनंदाबाई सहज बोलल्यासारखं बोलून गेल्या, "तांदळात अळ्या निघाल्या म्हणे. मिलमध्ये खपत नाही तेच पाठवतो सेठ."

अळ्या कुठंच निघाल्या नव्हत्या.

बोलणं सेठच्या कानावर गेलं. पुढच्या महिन्यात गाडी आली नाही. सुनीती मिलवर जाऊन रडवेली होऊन परतली. "दान भी दो और बदनामी भी लो?" एवढंच सेठ म्हणाला होता.

ते ऐकून अलकनंदाबाईंच्या जिवाला गार वाटलं. शनिवारी त्या पुन्हा पिशवी घेऊन निघाल्या. पण त्या साली तांदूळ महागला होता आणि गाडी येऊ लागल्यापासून लोकांची द्यायची सवय मोडली होती. ओंजळीची मूठ झाली होती. काही दारं तर उघडलीच नाहीत.

जेमतेम अर्धी पिशवी घेऊन त्या वसतिगृहात पोचल्या. मुली जेवायला बसल्या होत्या. उकवा गावची पुष्पलता, सगळ्यांत मोठी, धाकट्यांना वाढत होती.

"तू बी बस आता," शेवंताबाई म्हणाली.

"मले भूक नाही," पुष्पलता म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून तिनं भाताच्या रिकाम्या गंजात पाणी ओतलं, बोटांनी खरवडलं आणि उभ्याउभ्या पिऊन टाकलं.

अलकनंदाबाईंनी पिशवी तिथंच टेकवली आणि तडक मिल गाठली.

"सेठजी, चावल में कीड़े नहीं थे. वो बात मैंने उड़ाई थी."

"आपने?" दुलीचंद गादीवरून अर्धवट उठला. "क्यों, बाईजी?"

"लड़कियाँ भूखी हैं, सेठजी," एवढंच अलकनंदाबाई म्हणाल्या. सेठनं हमालाला हाक मारली, "गाड़ी जोड़ो रे." आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ये बात यहीं रहेगी."

गाडीच्या मागोमाग त्या पायीच परतल्या. अंगणात सुनीती आलेली होती. पोती दिसताच मुलींनी ओरडत तिला मिठ्या मारल्या.

"ताई, सेठले कसं मनवलं तुमी?"

"अगं, मी काहीच केलं नाही. खरंच सांगते."

"पाहा, कशा बोलतेत!" पुष्पलता हसत म्हणाली आणि मुलींनी सुनीतीला आणखीच घट्ट धरलं.