ओट्याखालची सोबत

दाराजवळच्या पाटीवर तीनचा आकडा लागला होता. घरात किती हृदयं धडधडतायत ते ही पाटी सांगते. त्यातलं एक प्रमिलाबाईंचं, दुसरं सोसायटीने पाठवलेल्या उंदीरवाल्या तांबोळीचं, आणि तिसरं ओट्याखाली कुठेतरी.

"तीन आठवडे तुमची पाटी एकाचे दोन दाखवतेय, काकू," तांबोळी म्हणाला. "पिंजरा नाही का लावलात?"

"लावलाय की. रोज ताजं भजं ठेवते."

त्याने वाकून पिंजरा ओढला. भजं कुरतडलेलं होतं, पण झडप पडू नये म्हणून ती दोऱ्याने वर बांधलेली होती. त्याने दोऱ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. त्या ओटा पुसायला लागल्या.

"एकटी असले की घर दर संध्याकाळी विचारतं," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "आमचे हे गेल्यापासून विचारतंय. दोन जीव असले की गप्प बसतं."

तांबोळीने दोरा सोडला. तासाभरात झडप पडली. चहा-भजी खाऊन, पिंजऱ्यावर फडकं टाकून तो उंदरासकट निघून गेला, आणि पाटीवर एक उरला.

दिवेलागणीला घर मवाळ आवाजात म्हणालं, "आपण एकट्या आहात. कुणाला फोन लावू का?"

आजवर दरवेळी त्या 'नको' म्हणत आल्या होत्या. आज त्यांनी उरलेल्या भज्यांवर ताटली झाकली.

"त्या तांबोळीला लाव," त्या म्हणाल्या. "म्हणावं, अजून एक उंदीर आहे."