गंज काढायचं मशीन

"रिमूवर ले जाइए, चाचाजी," मानिक चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात नीरज म्हणाला. "लगाकर चाय पी आइए, पेंट अपने आप फूल जाएगा. पट्टी से उतार लीजिए. न धूल, न शोर."

रत्नाकर दातारांनी डबा उलटसुलट वाचला आणि परत ठेवला. रेगमाल, म्हणजे घासायचा कागदही नको म्हणाले. त्यांना ग्राइंडर हवा होता, तारेचा गोल ब्रश लावून. नीरजने नवा, हलका ग्राइंडर दाखवला. तो त्यांनी चालवून पाहिला, मग शेजारचा जुन्या घडणीचा जड ग्राइंडर चालवून पाहिला आणि जडच घेतला.

नीरजचं लक्ष त्यांच्या बोटांकडे होतं. ती किंचित थरथरत होती. गाडीचा पत्रा पातळ, तापला तर वाकेल, असं त्याने जपून सुचवलं.

"इंजीनियर रहा हूँ, भैया," रत्नाकर ओशाळून म्हणाले. "सँभाल लूँगा."

सांभाळणं भागच होतं. पुण्याहून ग्वाल्हेरला लग्नाला जाताना मुलगा मकरंद आणि सून तन्वी रविवारचा दिवस झाशीत थांबणार होते. मकरंदने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, आईबाबांपैकी एकाचंही काही बिघडलेलं दिसलं, तर इथलं घर बंद आणि दोघांनी पुण्याला यायचं. त्यांच्या बायकोचा, कमलचा जन्म याच गावातला. पुण्याचं नाव निघालं की ती ताटावरून उठायची.

रविवारी सकाळी रत्नाकरांनी जुनी मारुती स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावली. वायर तिथवरच पोचते, म्हणाले. मुलं रिक्षातून उतरली तेव्हा ते डोळ्यांवर चष्मा आणि तोंडाला फडकं बांधून कामाला लागलेले होते.

या वयात हे काय, असं मकरंद ओरडूनच म्हणाला. रत्नाकरांनी नुसता ब्रश गाडीच्या दारावर टेकवला. लाल भुकटी उडाली, खालून लख्ख पत्रा निघाला. मकरंद बघत राहिला. थोड्या वेळाने त्याने मशीन आपल्या हातात घेतलं.

आत तन्वीने सासूला काही विचारलं, मग हसून नाद सोडला आणि हातवारे सुरू केले. "लग्न ठरवताना इंजिनियर सांगितला होता," कमल पुऱ्या तळताना मोठ्याने म्हणाली, "निघाला मेकॅनिक." तन्वीला हसू आवरेना.

उघड्या पत्र्यावर लगेच गंज धरतो, असं सांगून रत्नाकरांनी जेवणासाठीही काम थांबवलं नाही. बापलेक आळीपाळीने जेवले.

संध्याकाळी रिक्षा आली तेव्हा दाराची शेवटची कड राहिली होती. तन्वी आत जाऊन सासूच्या पाया पडून आली. मकरंद वडिलांच्या कानाशी वाकला.

"बाबा, हात अजून पक्का आहे तुमचा. आईही मजेत आहे. राहा इथंच. मी आता विषय काढत नाही."

रिक्षा कोपऱ्यावरून वळली. रत्नाकरांनी मशीन बंद केलं आणि खालीच बसले. गल्ली निवांत झाली. पलीकडच्या घरात कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी बादली सरकवली. त्यांनी ब्रश झटकला, वायर गुंडाळली, मशीन खोक्यात ठेवलं.

खिडकीतून कमलची पाठ दिसत होती. ती भांडी लावत होती. मान न वळवता ती मोठ्याने ओरडली,

"अहो, गेली मुलं. आता तरी बंद करा ते मशीन."